न मारलेला पक्षी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "वीस मिनिटं बोल. विषय कोणताही चालेल, फक्त यशाचं रहस्य वगैरे नको, ते तीन जण आधीच सांगणार आहेत." मला बरं वाटलं, कारण माझ्याकडे तसलं रहस्य नाहीच. मी १९७८ च्या बॅचची. बँकेत पस्तीस वर्षं काढली. दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासायचे आणि खात्री पटली तर सही करायची, हे माझं काम. चाळिशीनंतर दुर्बीण विकत घेतली आणि रविवारी पक्षी बघायला जाऊ लागले. म्हणून आज मी एका पक्ष्याची गोष्ट सांगणार आहे. पक्षी अरुणाचल प्रदेशातला आहे. तो शोधणारा माणूस मात्र आपल्या पुण्याचा, आणि पेशाने खगोलशास्त्रज्ञ.

पण आधी कांद्याची गोष्ट.

नववीत आम्हाला कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याची आकृती काढायची होती. एक सूक्ष्मदर्शक आणि बारा जणी. माझा नंबर आला तेव्हा मला नुसता एक गोल दिसला, काळ्या कडेचा. शेजारणीच्या वहीत विटांच्या भिंतीसारख्या छान पेशी होत्या. मीही तशाच काढल्या, प्रत्येकीत केंद्रकाचा ठिपका दिला, नावं लिहिली. बाईंनी वही बघितली, मग सूक्ष्मदर्शकात बघितलं. काचपट्टीवर पापुद्रा नव्हताच. मी बघितला होता तो हवेचा बुडबुडा. बाई ओरडल्या नाहीत. माझ्या सुंदर आकृतीखाली लाल शाईने दोनच शब्द लिहिले, "काय दिसलं?" बाई, तुम्ही आज दुसऱ्या रांगेत बसलेल्या आहात. तुम्हाला हे आठवत नसणार. मला आठवतं. बँकेत सही करताना कितीदा तरी आठवलं.

आता अरुणाचल. आसाममधून तेजपूर सोडून भालुकपाँगला राज्याची हद्द ओलांडली की रस्ता कामेंग नदीच्या खोऱ्यातून चढायला लागतो. तिथे पश्चिम कामेंग जिल्ह्यात ईगलनेस्ट नावाचं अभयारण्य आहे. २१८ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाही. पण पायथ्याला उंची सुमारे ५०० मीटर आणि माथ्याला ३,२५० मीटर. त्यामुळे एका दिवसात तुम्ही हत्तींच्या दमट जंगलातून निघून थंड वाऱ्यातल्या बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉनपर्यंत पोहोचता. प्रत्येक पट्टीत पक्षी वेगळे.

१९९५ च्या जानेवारीत रमणा आत्रेय तिथे पक्षी बघत हिंडत होते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास हे त्यांचं काम. नारायणगावजवळ खोडदला त्या मोठ्या तीस तबकड्या आहेत ना, ती दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या संस्थेत ते होते. नंतर ते पुण्याच्याच आयसरमध्ये शिकवू लागले. पक्षी हा त्यांचा छंद. त्या दिवशी झुडपात त्यांना दोन पक्षी ओझरते दिसले आणि गेले. ते पक्षी पुस्तकातल्या कुठल्याही चित्राशी जुळत नव्हते.

इथे थोडं थांबून विचार करा. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं असतं. आज तर फोटो नसला तरी मेसेज आधी जातो. आत्रेयांनी ते जाहीर केलं नाही. क्षणभर दिसलेल्या पक्ष्यावरून नवी जात सांगता येत नाही. डोळा फसू शकतो, प्रकाश फसवू शकतो, ओळखीच्याच पक्ष्याचा वेगळा रंगही असू शकतो. त्यांनी तो प्रश्न जवळ ठेवला. त्या भागात ते पुन्हा पुन्हा गेले. २००५ च्या जानेवारीत तो पक्षी त्यांना परत दिसला. मधे गेली होती दहा वर्षं.

पक्षी कसा आहे ते सांगते. लांबी साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे सातभाईपेक्षा जरा लहान. अंग राखाडी-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे केशरी-पिवळा ठसठशीत डाग. मिटलेल्या पंखावर पिवळा, लाल आणि पांढरा असे तुकडे. शेपटी काळी, तिची टोकं लाल. आवाज बासरीसारखा, घरंगळत खाली येणारा. आणि गंमत म्हणजे हा खरोखर सातभाईच्याच कुळातला आहे. आपल्या शाळेच्या मागच्या कुंपणापाशी दुपारी कलकलाट करणारे ते मळकट पक्षी, ज्यांना आपण डबा खाताना पोळीचे तुकडे टाकायचो, त्यांचा हा डोंगरातला नातलग. त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद मात्र चीनमध्ये सिचुआनच्या डोंगरात राहतो, हजार किलोमीटरहून दूर.

आता खरा पेच. प्राण्याची नवी जात जाहीर करायची तर प्रथा अशी की एक नमुना पकडायचा, मारायचा, कातडी सोलून त्यात कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि संग्रहालयात ठेवायचा. पुढे कुणालाही शंका आली की त्याने येऊन तो तपासावा. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या फळीवर असा एक पक्षी होता, आठवतो? एक डोळा गळालेला, चिठ्ठी इतकी फिकट की नुसतं 'पक्षी' एवढंच वाचता यायचं.

आत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी या नव्या पक्ष्यांची मोजदाद केली होती. सगळे मिळून भरले चौदा. त्यांत वीण करणाऱ्या जोड्या तीन. आता या चौदांतला एक मारायचा का? तोही त्याचं नाव ठेवण्यासाठी?

२००६ च्या मे महिन्यात त्यांनी केसासारख्या बारीक धाग्यांच्या जाळीत पक्षी धरला. मापं घेतली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, रंगांची टिपणं केली, सुटून आलेली काही पिसं जपून ठेवली. आणि पक्षी सोडून दिला. त्या पिसांवर, फोटोंवर, मापांवर आणि आवाजाच्या ध्वनिमुद्रणावर नव्या जातीचं वर्णन उभं राहिलं. त्याच वर्षी ते 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकात छापून आलं. नाव ठेवलं बुगून लिओसिक्ला. बुगून हा त्या डोंगरात राहणारा लहानसा समाज. म्हणजे शोधणाऱ्याने नाव दिलं ते तिथल्या माणसांचं.

इथे टाळ्या वाजवून गोष्ट संपवता आली असती. पण पस्तीस वर्षं हिशेब तपासल्यामुळे मला दुसरी बाजूही मांडायची सवय आहे. नमुना न ठेवणं सगळ्यांना पटत नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, फोटो आणि पिसं पुरेशी नसतात. शंभर वर्षांनी कुणाला काय तपासावं लागेल हे आज कसं कळणार? त्यांचं म्हणणं पोकळ नाही. त्यासाठी आणखी दोन पक्ष्यांबद्दल थोडक्यात सांगते. दोन्ही अरुणाचलच्याच डोंगरातले.

पहिला मिशमी डोंगरातला एक चिमुकला रेन-बॅबलर, गळा विटकरी रंगाचा. डॉ. सलीम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्या तिथल्या मोहिमेत, १९४७ साली, त्याचा एकच नमुना मिळाला. १९४८ साली त्यावरून नवी जात जाहीर झाली. त्यानंतर २००४ पर्यंत, म्हणजे ५७ वर्षं, तो पक्षी जगाला फक्त त्या एका कातडीवरून माहीत होता. तो गातो कसा, राहतो कसा, कशाचीच नोंद नव्हती. पण ती कातडी होती म्हणून असा पक्षी आहे एवढं तरी माहीत होतं, आणि म्हणून लोक त्याला शोधत राहिले.

दुसरा एक कस्तूर. २००९ साली स्वीडनचे पेर आल्स्ट्रॉम आणि आपले शशांक दळवी पश्चिम अरुणाचलमध्ये फिरत होते. झाडांची रेषा संपते त्याच्या वर, खडकाळ भागात, एक तपकिरी कस्तूर गात होता. आवाज खरखरीत, बेसूर. खाली जंगलात तोच कस्तूर गात होता, पण गाणं गोड. दिसायला जवळजवळ सारखे. पुस्तकात दोघांचं नाव एकच. त्यांना प्रश्न पडला, एकाच पक्ष्याची इतकी वेगळी दोन गाणी कशी? मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या पंधरा संग्रहालयांतल्या जुन्या कातड्या काढून मोजल्या, डीएनए तपासला. निघालं असं की हे दोन वेगळे पक्षी आहेत, लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेले. २०१६ च्या जानेवारीत जंगलातल्या कस्तुराला नवीन नाव मिळालं, हिमालयन फॉरेस्ट थ्रश. त्याच्या शास्त्रीय नावात सलीम अलींचं नाव आहे. हा पक्षी दुर्मीळही नाही. पूर्व हिमालयात बऱ्यापैकी आढळतो. सगळ्यांनी बघितला होता, पण तो वेगळा आहे हे कळलं ते कान देऊन ऐकल्यावर. आणि सिद्ध करता आलं, त्यात कुणीतरी फार पूर्वी जपून ठेवलेल्या कातड्यांचा मोठा वाटा होता.

खुद्द सलीम अलींचं पक्ष्यांशी नातं सुरू झालं तेही मेलेल्या पक्ष्यापासून. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकललं नाही, तर कपाटं उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे.

तेव्हा मी 'नमुने ठेवणारे वाईट आणि सोडून देणारे चांगले' असं म्हणत नाही. मला दिसतं ते असं की प्रत्येकाने आपल्यासमोरचा हिशेब नीट मांडला. पक्षी शेकड्यांनी असतील तेव्हा एक कातडी भावी पिढ्यांच्या उपयोगाची ठेव असते. पक्षी चौदा असतील तेव्हा तीच कातडी म्हणजे मुद्दलातून केलेली उचल. नियम तोच असला तरी समोर शिल्लक किती आहे हे आधी बघावं लागतं. आणि ती शिल्लक कळण्यासाठी आधी मोजावं लागतं. आत्रेयांनी मोजलं होतं, म्हणून त्यांना थांबता आलं.

निवृत्तीनंतर मी एका एप्रिल महिन्यात तिथे जाऊन आले. आम्ही पाच जण होतो. वाटाड्या जवळच्या सिंगचुंग गावचा एक बुगून तरुण. मला वाटलं होतं, इतका दुर्मीळ पक्षी म्हणजे घनदाट, आकाशाला भिडलेल्या अरण्यात राहत असणार. त्याने आम्हाला नेलं ते उतारावरच्या एका साध्याशा झुडपी जागेत. मोठी झाडं विरळ, बाकी सगळी दाटी झुडपांची. आपल्याकडे अशा जागेला 'साफ करून घ्या' म्हणतात. सुमारे दोन हजार ते साडेतेवीसशे मीटर उंचीवरच्या अशा उतारांवर हा पक्षी राहतो. जगात तो माहीत आहे तो एवढ्याच परिसरात.

दोन सकाळी आम्ही धुक्यात उभे होतो. दुसऱ्या सकाळी खालून ती शीळ आली. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा. आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला. त्यात त्या पक्ष्याचं ध्वनिमुद्रण होतं. ते वाजवलं की नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर आला, आणि तो तावातावाने बाहेर येतो. मग फोटो मिळतो. वाटाड्या अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, नहीं. अभी घोंसले का टाइम है." आमचा मित्र म्हणाला, "एकदाच." तो पुन्हा म्हणाला, "नहीं." आवाज चढवला नाही. मोबाइल खिशात गेला. पक्षी बाहेर आला नाही. मी बुगून लिओसिक्ला पाहिलेला नाही, बाई. माझ्या वहीत त्या तारखेपुढे लिहिलं आहे, 'शीळ दोनदा ऐकली. दिसला नाही.'

परत येताना मित्र थोडा रुसला होता. म्हणाला, "इतके पैसे खर्च करून आलो, ह्याचं काय गेलं असतं?" मला मात्र वाटत होतं, गेलं असतं तर त्याचंच. ते जंगल सरकारी अभयारण्याला लागून आहे, पण ते गावाचं आहे. बुगून लोकांना तिथे लाकूड तोडता आलं असतं, जमीन वापरता आली असती. २०१७ साली त्यांनी आपल्या सामाईक जंगलातला १७ चौरस किलोमीटरचा भाग सामूहिक राखीव क्षेत्र म्हणून बाजूला काढला. गावातलेच तरुण तिथे गस्त घालतात. २०१८ साली त्या कामाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. पक्षी अजूनही अतिधोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. इतक्या लहान जागेत राहणाऱ्या पक्ष्याला एक वणवा किंवा एक रुंद रस्ताही जड जाऊ शकतो. पण त्याचं नाव ज्यांच्यावरून पडलं, त्यांनी ते नाव मनावर घेतलं, एवढं नक्की.

आता जेवणाआधीची शेवटची दोन मिनिटं. संयोजकांनी आज सकाळी आपल्याला शाळेच्या नूतनीकरणाचा आराखडा दाखवला. आपण सगळे त्यासाठी पैसे देतो आहोत, मीही दिलेत. त्या आराखड्यात दोन गोष्टी मला दिसल्या. एक, प्रयोगशाळेतलं जुनं कपाट काढून टाकायचं. दोन, मैदानामागचा कुंपणालगतचा झुडपांचा पट्टा साफ करून तिथे पेव्हर ब्लॉक आणि गाड्यांची सोय करायची.

माझी विनंती आहे. कपाट काढा, पण तो एका डोळ्याचा पक्षी टाकू नका. तो कोणता आहे हे कुणा जाणकाराला दाखवून घेऊ आणि नवी चिठ्ठी लिहू. कुठून आणि केव्हा आणला ते कळलं नाही, तर चिठ्ठीवर 'माहीत नाही' असंच लिहू. तो गेलाच आहे, निदान वाया जायला नको.

आणि ती झुडपं ठेवा. आज दुपारी मी तिथे अर्धा तास उभी होते. सातभाई अजून आहेत. मी नऊ मोजले. बुलबुलाची एक जोडी होती आणि एक शिंपी पक्षी सारखा ओरडत होता, तो दिसला नाही. गाड्या आपण रस्त्यापलीकडे लावू, आपल्यापैकी बहुतेकांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलंच आहे.

आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी मी एक साधी दुर्बीण आणि एक जाड वही आणली आहे. वही मुख्याध्यापकांकडे देते आहे. रोज कुणीतरी एकाने मधल्या सुट्टीत दहा मिनिटं त्या झुडपांपाशी उभं राहायचं आणि तारीख घालून लिहायचं. नाव माहीत नसेल तर रंग लिहा, आवाज लिहा. काहीच नसेल तर 'काही नाही' लिहा, तीही नोंद आहे. शेजारच्याचं बघून मात्र लिहू नका.

वहीच्या पहिल्या पानावर मी आजची तारीख आणि माझे नऊ सातभाई लिहिले आहेत. त्याच्या वर, बाई, एक जागा रिकामी सोडली आहे. लाल शाईचं पेन आणलं आहे. तुमचे ते दोन शब्द तिथे तुमच्या हाताने लिहून द्या.